पीजी इनकन्सिस्टंट दिसली की रिपेअरआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महापेच्या ऑफिसात चार नोडचा (म्हणजे चार सर्व्हरचा) सेफ क्लस्टर (सेफ म्हणजे Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून एकच स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर), ८ टीबीच्या १६ हार्ड डिस्क, सगळे ओएसडी (एकेका डिस्कचा कारभार बघणारे सेफचे प्रोग्राम) ब्लूस्टोअरवर (डिस्कवर डेटा साठवायची सेफची आजची पद्धत), डेटा पूलला (साठ्याच्या डेटासाठीच्या विभागाला) तीन कॉपी. त्यावर सेफएफएस (सेफवरची फाइलसिस्टम), आणि त्यात कंपनीची जुनी-नवी ड्रॉइंग्ज आणि स्कॅन केलेली कागदपत्रं. सोमवारी सकाळी डॅशबोर्ड लाल झालेला दिसला: हेल्थ एरर, एक स्क्रब एरर, पीजी ४.१७ इनकन्सिस्टंट. स्क्रब म्हणजे सेफची स्वतःची तपासणी, पीजी म्हणजे पूलमधल्या ऑब्जेक्टांचा (फाइलींच्या तुकड्यांचा) एक गट, आणि इनकन्सिस्टंट म्हणजे त्या गटाच्या कॉपींत तपासणीला काहीतरी न जुळणारं सापडलं. एक सहकारी म्हणतो, ‘पीजी रिपेअर’ मारा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, प्रायमरीच (तिघींतली मुख्य कॉपीच) खराब असेल तर तीच खराब कॉपी उरलेल्या दोन चांगल्या कॉपींवर चढेल. आणि साहेबांना एवढंच हवंय की कुठली फाइल गेली.

आधी थेट उत्तर. तुम्ही दिलेल्या आउटपुटवरून डेटा गेलेला नाही, आणि रिपेअर चालवायला हरकत नाही. पण ते कशावरून म्हणायचं हे तुम्हाला स्वतःला वाचता आलं पाहिजे. पुढच्या वेळी तशीच लाल पट्टी दिसेल आणि आतलं कारण वेगळं असेल, तेव्हा हीच कमांड नुकसान करू शकते. रिपेअर हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. कुठली कॉपी खराब, का खराब आणि ती कुठल्या फाइलची, हे शोधणं हेच खरं काम.

सेफमध्ये तपासणी दोन थरांत होते. साधा स्क्रब ऑब्जेक्ट सगळीकडे आहे का, आकार जुळतो का, ॲट्रिब्यूट जुळतात का एवढंच बघतो. डीप स्क्रब मात्र प्रत्येक कॉपीतला डेटा डिस्कवरून प्रत्यक्ष वाचतो आणि चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहतो. डिफॉल्टनुसार पहिला साधारण रोज होतो, दुसरा आठवड्यातून एकदा. ब्लूस्टोअर दर ४ केबीच्या ब्लॉकमागे सीआरसी-३२-सी चेकसम साठवतो, त्यामुळे एखादा ब्लॉक चुकीचा वाचला गेला तर त्या ओएसडीला दुसऱ्या कॉपीशी तुलना न करताच कळतं की आपलीच कॉपी बिघडली आहे. तुमची सगळी सुटका या एका गोष्टीत आहे.

असा ‘आहे का?’ आणि ‘वाचून दाखव’ हा भेद बहुतेक वितरित स्टोरेजमध्ये असतो, आणि तो न कळल्यामुळे माणसं फसतात. एचडीएफएसवरून (हडूपच्या वितरित फाइलसिस्टमवरून) सेफकडे आलेल्यांनी तर हे नक्की लक्षात घ्यावं. तिथली ‘एफएसके’ (fsck) कमांड नेमनोडच्या (फाइलींची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदी वाचून अहवाल देते, ती स्वतः ब्लॉक वाचत नाही आणि काही दुरुस्तही करत नाही. ब्लॉक वाचण्याचं काम डेटानोडचा (प्रत्यक्ष ब्लॉक साठवणाऱ्या सर्व्हरचा) ब्लॉक स्कॅनर सावकाश करत असतो, डिफॉल्टनुसार ५०४ तासांत म्हणजे तीन आठवड्यांत एक फेरी. आणि ‘एफएसके’ला ‘डिलीट’चा पर्याय जोडला की ती खराब ब्लॉक असलेली अख्खी फाइल उडवते. लिनक्सच्या ‘एफएसके’सारखी ती दुरुस्ती करेल असं समजून चालवणारे मी पाहिले आहेत. त्यांचे ब्लॉक फक्त एक डेटानोड बंद पडल्यामुळे दिसत नव्हते; तो परत चालू केला असता तर त्या फाइली तशाच मिळाल्या असत्या.

आता तुमचं आउटपुट. ‘सेफ हेल्थ डिटेल’ने पीजीचा नंबर दिला. त्यानंतर लगेच चालवायची कमांड म्हणजे ‘रॅडॉस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ऑब्ज ४.१७’, जेसन स्वरूपात. हे रिपेअरच्या आधीच, आणि कुठलाही ओएसडी रीस्टार्ट करण्याच्याही आधी. ही माहिती त्या स्क्रबपुरतीच टिकते. मध्ये ओएसडी रीस्टार्ट झाला की ‘नो स्क्रब इन्फर्मेशन अव्हेलेबल’ असं उत्तर येतं आणि परत डीप स्क्रब चालवून तासन्‌तास थांबावं लागतं. आउटपुट फाइलमध्ये जपून ठेवा.

तुमच्या यादीत एकच ऑब्जेक्ट आहे. तीन शार्ड (इथे म्हणजे तीन कॉपी) आहेत: ओएसडी ७, २ आणि ११. सातसमोर ‘प्रायमरी: ट्रू’ आणि एररमध्ये ‘रीड_एरर’. दोन आणि अकरासमोर एररची जागा रिकामी, दोघांचा आकार सारखा, डेटा डायजेस्टही (कॉपीतल्या मजकुराचा चेकसम) सारखं. ओएसडी ७ च्या लॉगमध्येही ‘कँडिडेट हॅड अ रीड एरर’ हीच ओळ आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. सातने स्वतःच सांगितलंय की मला माझी कॉपी धड वाचता येत नाही, आणि उरलेल्या दोघी एकमेकींशी जुळतात. अशा वेळी रिपेअर सातची कॉपी प्रायमरी असूनही बाद धरतो आणि चांगल्या कॉपीवरून ती परत लिहितो.

दुसऱ्या सहकाऱ्याची भीती मात्र निराधार नाही. ती जुन्या दिवसांतली आहे. २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीत ब्लूस्टोअर डिफॉल्ट झाला. त्याआधीच्या फाइलस्टोअरमध्ये साध्या वाचनावर असा चेकसम नव्हता. दोन कॉपी वेगळ्या दिसल्या तर कोण खरं हे ठरवायला भक्कम आधार नसे, आणि प्रायमरीची कॉपी वाचता येत असेल तर रिपेअर बहुधा तिलाच खरी मानत असे. त्या काळात ज्यांनी क्लस्टर सांभाळले त्यांनी रिपेअरला घाबरायला शिकणं बरोबरच होतं. अजून कुणाकडे फाइलस्टोअरचे ओएसडी उरले असतील तर त्यांनी आजही तसंच सावध राहावं.

ब्लूस्टोअरवरही सगळ्याच केस इतक्या सरळ नसतात. यादीत कुठल्याच शार्डसमोर एरर नाही, पण ऑब्जेक्टच्या पातळीवर ‘डेटा_डायजेस्ट_मिसमॅच’ आहे, असं दिसलं तर थांबा. तिथे प्रत्येक कॉपी स्वतःपुरती नीट वाचली जाते, चेकसमही जुळतो, तरी त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत. म्हणजे चुकीचा डेटाच व्यवस्थित चेकसमसकट लिहिला गेला. खराब रॅम, सॉफ्टवेअरमधला बग, किंवा मधल्या काळात काहीतरी विचित्र घडलेलं. इथे तिन्ही कॉपी वेगवेगळ्या बाहेर काढून, फाइल उघडून, बॅकअपशी ताडूनच कुठली ठेवायची ते माणसाने ठरवायचं. कॉपी बाहेर काढायला तो ओएसडी बंद करून ‘सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल’ वापरावं लागतं. ‘मिसिंग’ किंवा ‘साइज_मिसमॅच’ एकाच शार्डवर असेल तर प्रकरण सोपं, तीनपैकी दोन शार्डवर असेल तर रिपेअरआधी आणखी एका जाणत्या माणसाला दाखवा.

आता ‘का’ याकडे येते, कारण इथे सगळे घाई करतात. रिपेअर झाला, पट्टी हिरवी झाली, विषय संपला, आणि तीन आठवड्यांनी तोच ओएसडी परत. ओएसडी ७ ज्या डिस्कवर आहे तिचा ‘स्मार्टसीटीएल’ अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, म्हणजे स्मार्ट अहवाल) काढा आणि कर्नलचा लॉग ‘डीमेसेज’ वेळेसकट बघा. ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ दिसत असेल आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या जागा) शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय. ‘रीॲलोकेटेड सेक्टर’चा (बदली दिलेल्या खराब जागांचा) आकडा आठवड्यागणिक वाढतोय का तेही टिपून ठेवा. हे सगळं शून्य आहे, पण ‘यूडीएमए सीआरसी एरर’ वाढतोय, तर डिस्क ठीक आहे आणि केबल, कनेक्टर किंवा बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती पाटी) संशयित आहे. हा काउंटर एकदा वाढला की परत शून्यावर येत नाही, त्यामुळे नुसता आकडा बघून उपयोग नाही. आज लिहून ठेवा, चार दिवसांनी परत बघा. आणि डिस्कही स्वच्छ, केबलही स्वच्छ, पण क्लस्टर ‘स्प्युरियस रीड एरर’ची (आधी चुकलं, पुन्हा वाचल्यावर बरोबर आलं अशा वाचनाची) वॉर्निंग देतोय, तर त्या नोडची मेमरी आणि स्वॅप बघा.

केबल-कनेक्टरचा मुद्दा मी महापेकरांना मुद्दाम दोनदा सांगते. टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे महापे जिथे आहे तिथे, एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला रसायनांचे कारखाने, आणि जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा. मोठ्या डेटा सेंटरांत हवा गाळून आणि आर्द्रता राखून आत घेतात. छोट्या ऑफिसातली सर्व्हर रूम म्हणजे बहुतेकदा एक केबिन, दोन स्प्लिट एसी, आणि रविवारी त्यातला एक बंद. गंधकयुक्त वायू आणि आर्द्रता एकत्र आली की चांदी आणि तांब्याचे संपर्कबिंदू काळे पडायला लागतात. हे मोजता येतं. तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी सर्व्हर रूममध्ये महिनाभर टांगून प्रयोगशाळेत पाठवायची. आयएसए ७१.०४ या मानकानुसार सौम्य म्हणजे जी-१ वर्गात राहायचं तर तांब्यावरचा थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या (अतिसूक्ष्म जाडी मोजायचं एकक) आत आणि चांदीवरचा २०० च्या आत हवा. इतकं करणं जमत नसेल तर निदान डिस्क काढून बॅकप्लेनच्या पिना टॉर्च लावून बघा. आमच्या भागात एकाच नोडच्या तीन-चार डिस्क एकाच पावसाळ्यात सीआरसी एरर देऊ लागल्या, तर मी डिस्कची ऑर्डर देण्याआधी बॅकप्लेन उघडायला लावते.

वीज हाही या पट्ट्यातला मोठा विषय. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी ग्रिड बिघडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती. अशा वेळी यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटं टिकते ते कळतं. ब्लूस्टोअरचा डीबी आणि वॉल (त्याच्या नोंदींचा डेटाबेस आणि बदल आधी टिपायची नोंदवही) वेगळ्या एसएसडीवर ठेवला असेल तर ती एसएसडी वीज गेल्यावर स्वतःची कॅश सुरक्षित उतरवू शकणारीच, म्हणजे पॉवर-लॉस प्रोटेक्शनवालीच हवी. लॅपटॉपची स्वस्त एसएसडी लावली आणि तिच्यावर चार ओएसडींचा डीबी ठेवला, तर एका झटक्यात चारही ओएसडी जाऊ शकतात. तुमच्या प्रश्नात डीबी कुठे आहे हे लिहिलेलं नाही, तेवढं बघून घ्या.

कारण कळलं की रिपेअर. ‘सेफ पीजी रिपेअर ४.१७’ दिल्यावर लगेच उत्तर येतं की सातला रिपेअर करायला सांगितलंय. सांगितलंय, केलेलं नाही. ते काम स्क्रबच्याच रांगेत उभं राहतं. नोस्क्रबचे फ्लॅग (स्क्रब थांबवणाऱ्या सेटिंग) लावलेले असतील किंवा त्या ओएसडींवर दुसरा स्क्रब चालू असेल तर ते खोळंबतं. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून कमांड परत परत मारू नका. पीजीच्या स्थितीत ‘स्क्रबिंग, डीप, रिपेअर’ असे शब्द एकत्र दिसले की समजा चालू झालं. संपल्यावर पुन्हा एकदा त्याच पीजीचा डीप स्क्रब स्वतः चालवा. तो स्वच्छ आला तरच दुरुस्ती झाली असं धरा. ‘फेल्ड रिपेअर’ दिसलं तर तिथेच थांबून नवीन यादी काढा.

आणि एक बारकावा. रिपेअरमध्ये ब्लूस्टोअर चांगली कॉपी त्याच खराब जागेवर लिहीलच असं नाही. तो नवीन जागा घेतो आणि जुनी जागा मोकळी म्हणून नोंदवतो. म्हणजे खराब सेक्टर तसाच पडून राहतो, पेंडिंगचा आकडाही तसाच राहतो, आणि पुढे कधीतरी ती जागा दुसऱ्या ऑब्जेक्टला मिळते. म्हणून पेंडिंग सेक्टर असलेली डिस्क ‘रिपेअर झाली, आता चालेल’ म्हणून ठेवू नये असं माझं मत आहे, खासकरून वॉरंटी शिल्लक असेल तर. क्लायंटने फाइल वाचताना अशी एरर आली तरी सेफ दुसऱ्या कॉपीवरून गुपचूप दुरुस्त करतो आणि मोजत राहतो. एका ओएसडीवर डिफॉल्टने १० च्या वर गेलं की ‘टू मेनी रिपेअर्ड रीड्स’ अशी वॉर्निंग येते. ती आली की डिस्क बदलायची, चर्चा नाही.

डिस्क बदलताना ती आधी ओढून काढू नका. ‘सेफ ओएसडी आउट ७’ द्या आणि ती चालूच ठेवा, म्हणजे तिच्यावरचा चांगला डेटा वाचून दुसरीकडे जात राहतो आणि मधल्या काळात कॉपींची संख्या घटत नाही. सगळ्या पीजी ‘ॲक्टिव्ह, क्लीन’ झाल्या, ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ कमांडने होकार दिला, की मग काढा. पूलचा ‘मिन_साइज’ (काम चालू राहायला किमान किती कॉपी हव्यात तो आकडा) २ आहे ना, तेही बघा. काम अडतंय म्हणून कुणी तो १ केला असेल तर ताबडतोब परत २ करा. एका कॉपीवर लिहिणं चालू असताना तीच डिस्क गेली तर मग ‘अनफाउंड’, म्हणजे ज्यांची ताजी कॉपी कुठेच सापडत नाही असे, ऑब्जेक्ट येतात, आणि तिथून परतीचा रस्ता बहुतेकदा बॅकअपमधूनच असतो.

साहेबांचा प्रश्न: कुठली फाइल? सेफएफएसमध्ये हे शोधता येतं. तुमच्या यादीतल्या ऑब्जेक्टचं नाव आहे १०००००००३५२.०००००००५. टिंबाच्या आधीचा भाग म्हणजे फाइलचा आयनोड नंबर (फाइलसिस्टमने फाइलला दिलेला क्रमांक), हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेला. टिंबानंतरचा भाग म्हणजे त्या फाइलचा कितवा तुकडा, तोही हेक्समध्ये आणि शून्यापासून मोजलेला. डिफॉल्ट लेआउटमध्ये तुकडा ४ एमबीचा असतो. म्हणजे फाइलचा सहावा तुकडा, २० एमबीपासून २४ एमबीपर्यंतचा. हेक्सचा दशमान केला की आयनोड १०९९५११६२८६२६ मिळतो. माउंट केलेल्या फाइलसिस्टमवर ‘फाइंड’ला ‘आयनम’ पर्यायासोबत हा आकडा द्या, फाइलचा पूर्ण रस्ता मिळेल. लाखो फाइली असतील तर फाइंडला फार वेळ लागतो. त्यापेक्षा त्याच आयनोडचा शून्य नंबरचा ऑब्जेक्ट घ्या, त्याचं ‘पेरेंट’ नावाचं ॲट्रिब्यूट रॅडॉसने वाचा आणि ‘सेफ-डेनकोडर’ने उलगडा. त्यात फाइलचं नाव आणि वरचे फोल्डर मिळतात. फाइलच सापडली नाही तर ती डिलीट झालेली असेल आणि फक्त स्नॅपशॉटमध्ये उरलेली असेल, तेही बघा.

हे सगळं डेटा पूलबद्दल. पीजी नंबरमधला टिंबाआधीचा आकडा पूलचा असतो. तुमचा पूल ४ म्हणजे डेटा, हे तुम्ही लिहिलंय. तोच जर सेफएफएसचा मेटाडेटा पूल असता तर मी इतक्या निवांतपणे लिहिलं नसतं. तिथे एका ऑब्जेक्टमध्ये अख्ख्या फोल्डरच्या नोंदी असतात. तिथे आधी ‘सेफएफएस-जर्नल-टूल’ने जर्नलची एक्सपोर्ट घ्यायची, पीजी दुरुस्त झाल्यावर एमडीएसचा (सेफएफएसचा मेटाडेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) वेगळा स्क्रब फोल्डरवार चालवायचा, आणि प्रत्येक पावलाचं आउटपुट जपायचं.

तुमचा सहकारी ‘हे एवढं कसं बिघडतं’ असं विचारतोय. बिघडतं, आणि हे आकड्यांनिशी माहीत आहे. २००८ साली फास्ट या स्टोरेजविषयक परिषदेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहिल्या गेल्या, आणि चेकसम न जुळण्याच्या ४ लाखांहून जास्त घटना मिळाल्या. त्यातल्या ८ टक्के सापडल्या रेडची (अनेक डिस्कच्या गटाची) पुनर्बांधणी चालू असताना, म्हणजे एक डिस्क आधीच गेलेली असताना, नेमक्या नको त्या वेळी. एंटरप्राइझ डिस्कच्या माहितीपत्रकावर साधारण १० च्या १५ व्या घाताइतके बिट वाचल्यावर एखादी न वाचता येणारी जागा, अशी मर्यादा छापलेली असते. ते होतात १२५ टीबी. तुमच्या १६ डिस्क मिळून १२८ टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण अधूनमधून एखादी स्क्रब एरर येणं हे त्या आकाराच्या क्लस्टरचं नेहमीचं आयुष्य आहे.

म्हणूनच डीप स्क्रब बंद ठेवू नका. दिवसा ड्रॉइंग उघडायला वेळ लागतो म्हणून कुणीतरी ‘नोडीप-स्क्रब’ फ्लॅग लावतो आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. त्याऐवजी स्क्रबची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी बांधून द्या. भरलेली ८ टीबीची डिस्क १५० एमबी प्रति सेकंदाने सलग वाचली तर साधारण १५ तास लागतात. रात्रीचे आठ तास धरले तर आठवड्यात ५६ तास मिळतात. स्क्रब सलग वेगाने चालत नाही, तरी एवढ्यात बसायला हवा. ‘डीप स्क्रब वेळेत झाला नाही’ अशी वॉर्निंग येत राहिली तर अंतर दोन आठवडे करा, पण बंद नको. ऑटो-रिपेअरची सेटिंग डिफॉल्टने बंद असते. छोट्या क्लस्टरमध्ये ती बंदच राहू द्या. ती चालू असली की खराब होणाऱ्या डिस्कची पहिली खूण तुम्हाला न दिसताच पुसली जाते.

अजून एक, कारण तुमच्याकडे कागदपत्रांचं संग्रहण आहे. डीप स्क्रबला फाइलमध्ये काय आहे ते कळत नाही. कुणी चुकीचं ड्रॉइंग त्याच नावाने सेव्ह केलं किंवा रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केली, तर तिन्ही कॉपी तंतोतंत जुळतील आणि पीजी हिरवी राहील. जी ड्रॉइंग्ज अंतिम झाली आहेत त्यांची शा-२५६ हॅशची (मजकूर जरा बदलला तरी बदलणाऱ्या, फाइलीच्या ठशाची) यादी करून ती या क्लस्टरच्या बाहेर ठेवा आणि बॅकअपही बाहेरच ठेवा. आज सापडलेली फाइल रिपेअरनंतर उघडून, या हॅशशी किंवा बॅकअपमधल्या कॉपीशी ताडून बघितली की साहेबांना लेखी कळवता येईल: या नावाची फाइल, एका डिस्कवरची कॉपी खराब होती, इतर दोन कॉपींवरून दुरुस्त केली, मजकूर तपासला, डिस्क बदलतोय.

ओएसडी ७ रिकामा होत असताना दोन-तीन दिवस जातील. तेवढ्या काळात दुसरा कुठलाही नोड रीस्टार्ट करू नका. या आठवड्यात ठरलेलं ओएस अपडेटही पुढे ढकला, आणि ओएसडी २ व ११ च्या डिस्कचा स्मार्ट अहवाल रोज एकदा नजरेखालून घाला.